गार्डकाका आणि मिसरचे घोडे

गार्डकाका डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत. बाकीचे माना खाली घालून बसलेले असायचे आणि काका खिडकीतून थेट आभाळाकडे बघत बोलायचे. काकूंनी हटकलं की म्हणत, "ज्याच्याशी बोलून राहिलो, त्याच्याकडे पाहू नाही काय?" उभा जन्म गार्ड म्हणून मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेला. इंजिन दिसत नसलं तरी गाडी कोणीतरी ओढतंय, याची त्यांना सवयच होती.

रायपूरच्या गुढियारी भागात आम्ही त्यांचे शेजारी. आमच्याकडे गणपती, त्यांच्या भिंतीवर क्रूस. पण त्या गल्लीत मराठी घरं ही दोनच, त्यामुळे जाणंयेणं सख्ख्यासारखं. रिटायर झाल्यावर काका पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, छोट्या प्रार्थनाघरात रविवारी प्रवचन करत. यशया हा त्यांचा आवडता संदेष्टा. अंगणात शेंगा सोलता सोलता मला सांगत, "अश्शूरची फौज येऊन राहिली म्हणून यहूदाचा राजा घाबरला. त्यानं मिसर देशात, म्हंजे इजिप्तात, माणसं धाडली, लढाईचे घोडे मागायले. यशया म्हणे, काहून जाता बाप्पा? देवाले विचारलं काय?" कोणी कामासाठी वशिला शोधू लागला की काका हसून म्हणत, "चालला मिसरले!"

रायपूर राजधानी झालं आणि रस्ते रुंद व्हायला लागले. एके दिवशी प्रार्थनाघराच्या मधोमध लाल खूण आली: रस्त्याकडची अर्धी बाजू पाडणार. पाठोपाठ पाऱ्यातले एक पुढारी काकांकडे आले. सगळे त्यांना भैयाजी म्हणत.

"चाचाजी, एक ईंट नहीं गिरेगी," ते म्हणाले. "बस, गेट पर हमारा बोर्ड लगेगा, और चुनाव में आपके सब लोग हमारे साथ।"

काकांनी त्यांना आग्रहानं चहा पाजला आणि मग हात जोडले. "आपका बड़ा मान है, भैयाजी. पर उस गेट पर पहले से किसी का नाम है।"

प्रार्थनाघरातली मंडळी भडकली. "तुमच्या हट्टापायी छप्पर जाईल," असं जावयानंही तोंडावर सुनावलं. काका हातावर हात ठेवून बसले नव्हते. अर्ज घेऊन कचेरीत रांगेत उभे राहत होते. मी चिडवलं, "हा मिसर नाही काय?" तर म्हणाले, "अर्ज करणं आपला हक्क आहे, पोट्टी. त्यासाठी कोणाचं व्हावं नाही लागत."

अर्ज मंजूर झाला नाही. मशीन आली त्या सकाळी काका आतली बाकं ओढून बाहेर काढत होते. भिंत कोसळली तेव्हा काकू भर रस्त्यात ओरडल्या, "देवानं घोडे नाही दिले, छत तरी ठेवायचं होतं!" काका बाकावर टेकले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी उरलेल्या भागाला ताडपत्री बांधून प्रार्थना झाली. काही घरं दुसऱ्या प्रार्थनाघरात जाऊ लागली, ती परत आली नाहीत. जावई मात्र आला, ताडपत्रीचे बांबू धरून उभा राहिला.

पुढे काका आजारी पडले. मुलगा त्यांना नव्या रायपूरला घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा कितीतरी दिवस मनात असलेलं विचारलंच. "काका, यशयाचं शहर तर अश्शूरच्या फौजेपासून वाचलं होतं. तुमची भिंत पडली."

"तेही पुढं पडलंच की," ते हळू आवाजात म्हणाले. "वाचवशील तरच भरवसा ठेवीन म्हटलं, तर तो सौदा झाला. आन् सौदाच करायचा, तर भैयाजी काय वाईट होते?"

काकू कधी नव्हे त्या खळखळून हसल्या.

थोड्याच दिवसांत काका गेले. कबरीजवळ शेवटची प्रार्थना कोणी करायची यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा काकू पुढे झाल्या. चारचौघांत त्यांनी कधीच प्रार्थना केली नव्हती.

"देवा," त्या म्हणाल्या, "हे तुह्या भरवशावर होते. मी यांच्या भरवशावर होती. आता मलेही तूच सांभाळ."