पाळण्याचे बोल्ट

बहिणीच्या मुलीचं बारसं उद्यावर आलं होतं आणि हॉलमध्ये पाळणा रिकामाच टांगलेला होता. दुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना तिथून 'टक्' असा आवाज आला. मी जाऊन पाहिलं. फरशीवर एका बोल्टचं डोकं पडलं होतं, नव्यासारखं चकचकीत. वर गर्डरला पाळण्याची पट्टी दोन बोल्टांनी आवळलेली होती, तिचं एक टोक आता लोंबत होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती. पाळणा मात्र हळूहळू डोलत होता.

आई धावत आली आणि तिनं आधी पाळणा धरला. रिकामा पाळणा हलू देत नाहीत.

बाबांनी ते डोकं हातात फिरवून पाहिलं. "एखादा पीस खराब निघतोच. तू काहून घाबरून राहिली?" डिफेन्स फॅक्टरीत फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. जपून ठेवलेले तगडे बोल्ट त्यांनी नातीसाठी बाहेर काढले होते, ॲसिडच्या डब्यात बुडवून त्यांचा गंज घालवला होता आणि रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीतून त्यांच्यावर मुलामा चढवून आणला होता. बारशाला पाळणा झळकला पाहिजे, एवढीच हौस. त्यांतलाच तिसरा त्यांनी लगेच चढवला, पान्यावर सगळा जोर लावून आवळला. मग पाळण्यात गव्हाचं पोतं ठेवून झोके दिले. "बघ. बाळ तर याच्या पासंगालाही पुरत नाही."

पोटापाण्यासाठी मी कॉम्प्युटरवर नेमकं हेच मांडत असते: ताणाखालचं पोलाद आणि त्यात शिरलेला हायड्रोजन. तो ॲसिडमधून आत जातो, मुलामा चढताना आणखी जातो. जिथं ताण जास्त, तिथं गोळा होतो. तिथलं पोलाद ठिसूळ होतं, चीर जाते, चिरेच्या टोकाला ताण वाढतो आणि आणखी हायड्रोजन तिकडे सरकतो. वजन वाढत नाही, कुणी हात लावत नाही. पडद्यावर तो बोल्ट कितीतरी वेळ धडधाकट दिसतो. त्या शांतपणाची मला कामावरही भीती वाटते. पोत्यानं त्याची काय परीक्षा होणार! आवळल्याचा ताण पोत्याहून कितीतरी मोठा, आणि तो दिवसरात्र चालू.

"बाबा, मुलाम्यानंतर हे लगेच भट्टीत तापवावे लागतात, म्हणजे आतला हायड्रोजन निघून जातो. रिछाईवाल्यानं तापवले होते?"

"आमच्याकडे फॅक्टरीत यायचे ते तयारच यायचे. एकही तुटला नाही कधी."

"मग हा कधी तुटेल, दीदी?" बहिणीनं विचारलं.

ते मला सांगता येईना. आत हायड्रोजन किती शिरलाय ते ठाऊक नसेल तर माझं गणितही मुकं. उद्या तुटेल, महिन्यानं तुटेल, तुटणारही नाही.

बाबा हसले. "अच्छा! म्हणजे मॅडमचा कॉम्प्युटरही पंचांगच बघते."

बहिणीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाळाला छातीशी घट्ट धरलं. "मैं नहीं सुलाऊँगी इसमें, बाबा."

बारसं मांडीवरच झालं. आत्यानं कानात नाव सांगून कुर्र केलं, आणि मग सगळ्या बायकांनी मला यथेच्छ टोमणे मारले. शिकलेल्या बाईचं हे खूळ. पाळणा मात्र बाबांनी उतरवला नाही, फुलांच्या माळांसकट तसाच ठेवला. चार लोकांत मी त्यांना खाली पाहायला लावलं, हे मला फार लागलं. तरी मी हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो. पाळण्याजवळ कुणी नव्हतं. 'टक्.' पट्टी गर्रकन फिरली, पाळणा कलंडला, आणि आतली गादी, उशी, दुपटं फरशीवर येऊन पडलं. पाळणा झुलत राहिला. तो धरायचं आईलाही सुचलं नाही.

बाबा उठले. मला वाटलं, तुटका बोल्ट उचलतील. ते सरळ आतल्या खोलीत गेले. बहीण बाळाला पाजत बसली होती. इकडचे हिंदी बोलणारे शेजारी घरातल्या मुलींच्या पाया पडतात, आमच्या घरात ती रीत कधी नव्हती. बाबांनी वाकून त्या एवढ्याशा पावलांवर डोकं टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.