चाळीस नळ्यांची फेरतपासणी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. एकवीस वर्षं ती तिथे तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळ्या सांभाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटा भाऊ शिंपी. दोन वर्षांपूर्वी त्याची बोटं बधिर झाली, डावा डोळा धूसर झाला. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. या आजारात रोगांशी लढणारे शरीराचे राखणदारच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. कुंपणानेच शेत खावं तसं. पण नेमक्या कुठल्या प्रथिनाला ते शत्रू समजतात? ताईच्या प्रयोगशाळेत त्याचाच शोध चालू होता.

चाळीस रुग्णांचं आणि चाळीस निरोगी माणसांचं रक्त शेकडो प्रथिनांवर तपासलं. काचपट्टीवर प्रत्येक प्रथिनाचा एक ठिपका; रक्तातले राखणदार ज्याला चिकटतील तो उजळायचा. एका प्रथिनाचा ठिपका एकतीस रुग्णांत लखलखला. निरोगी माणसांत जवळजवळ नाहीच. प्रमुख संशोधिका, म्हणजे बाई, यांचा आनंद गगनात मावेना. ताईने घरी सांगितलं, तेव्हा भावाने कित्येक दिवसांनी शिलाई मशीनवरची धूळ झटकली.

शुक्रवारी शोधनिबंध छापायला पाठवायचा होता. बुधवारी नोंदी जुळवताना ताईचं बोट एका रकान्यावर थांबलं. रुग्णांच्या नळ्या जुन्या, आधीच्या तपासण्यांसाठी तीन-चारदा वितळून पुन्हा गोठवलेल्या. निरोगी माणसांच्या सगळ्या ताज्या. ठिपका नुसत्या वितळण्यानेच उजळत असेल तर? ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. दुपारचा डबा तसाच राहिला. शेवटी ती बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी नोंदवही दोनदा वाचली. "हे आज सांगतेस?"

"आजच दिसलं, बाई."

निबंध थांबला. निरोगी माणसांच्या नळ्याही तितक्याच वेळा वितळवल्या, कुठली नळी कुणाची ते कळू नये म्हणून नावं झाकली, सगळं पहिल्यापासून. नऊ दिवस बाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. दहाव्या दिवशी निकाल आला. तो लखलखता ठिपका आता निरोगी माणसांतही तितकाच उजळला होता. सगळं मुसळ केरात. मात्र एक फिकट ठिपका, ज्याच्याकडे आधी कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, अकरा रुग्णांत टिकून होता. निरोगी माणसांत एकातही नव्हता.

बाईंनी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं. आता हाच ठिपका नव्या रुग्णांत शोधायचा, म्हणाल्या, आणि नळ्या गोठवायचं काम तूच करायचं, दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही.

घरी ताईने भावाला सगळं सांगितलं.

"म्हणजे औषध अजून लांबच," तो म्हणाला.

"लांबच."

"नव्या रुग्णांत माझं रक्त चालेल?"

तिने होकाराची मान हलवली. रक्त आत्ताच द्यायचं असल्यासारखा तो बाहीचं बटण काढू लागला. बोटांना ते सापडेना. तिने हात पुढे केला नाही. शेजारी बसून राहिली.