मीठ तळाशी बसत नाही

तायडे सर गेल्याचे मला कोणा माणसाने सांगितले नाही, एका पोस्टरने सांगितले. सव्वा महिन्यापूर्वी एका सोमवारी अमरावतीच्या आमच्या संस्थेत सकाळची बैठक सुरू असताना मोबाईल थरथरला आणि कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर सरांचा फोटो आला. खाली ठळक अक्षरांत ‘डिजिटल विज्ञानसंवादाचे अग्रदूत’. फोटो मीच अकोटजवळच्या एका गावात काढलेला. मूळ फोटोत सरांच्या हातात स्टीलची ताटली आहे. चौकटीत मावत नव्हती, म्हणून कोणीतरी ती कापून टाकली होती... मला रडू आले नाही, संताप आला. तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

मधुकर तायडे अकोल्याच्या शाळेत आम्हाला आठवीत विज्ञान शिकवत. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा; विहिरीचे पाणी तोंडात घेतले की जीभच निकाल देते. सर तेच पाणी वाटीभर ताटलीत ओतून शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवत. पाणी आटले की ताटलीवर पांढरे कडे उरे. मग सर आमच्या वऱ्हाडीतला ‘का?’ एवढा एकच शब्द विचारत, “काहून?” आणि गप्प बसत. ते गप्प बसणे फार लांबायचे. शेवटी कोणाला तरी ते असह्य होऊन तो काहीतरी बोलायचा, दुसरी त्याला खोडून काढायची आणि तास सुरू व्हायचा. ताटल्या सरांच्या लग्नात आलेल्या होत्या. देणाऱ्यांची नावे त्यांवर कोरलेली. क्षारांचे रसायन आमचा वर्ग ‘यांजकडून सप्रेम भेट’ वाचत वाचत शिकला.

पुण्याहून एम.एस्सी. करून मी या संस्थेत आले, ते मोबाईलवरून गावोगाव विज्ञान पोचवण्याच्या प्रकल्पावर. निवृत्त झालेल्या सरांना मीच बोलावले. प्रकल्पाची रचना त्यांची: दोन मिनिटांचा व्हिडिओ आठ दिवस आधी गावाच्या गटावर जाईल आणि ‘काहून?’वर संपेल. उत्तर त्यात नसेल. मग आपण ताटल्या घेऊन जायचे आणि लोकांमध्ये बसायचे. “मोबाईल म्हणजे आवतन हाय, पोरी,” ते म्हणाले होते. “पंगत तिथं गेल्यावर.” पहिल्या वर्षी पंगती खरोखरच भरल्या. बाया घरची ताटली घेऊन येत आणि कोणाच्या विहिरीचे कडे जाड, यावरून एकमेकींना टोमणे मारत.

मग मी ती रचना मोडली. उत्तर न मिळाल्याने प्रेक्षक नाराज होत होते, ‘पुढे काय?’ असे विचारत होते, आणि मला एका परिषदेत सादरीकरण करायचे होते. मी व्हिडिओच्या शेवटी चाळीस सेकंदांचे चलतचित्र जोडले: पातेल्यात पाणी उकळते आहे, वाफ वर जाते आहे, पांढरे कण तळाशी बसत आहेत. सरांनी ते पाहिले. “सगळंच वाढून देल्लं व तू. आता पंगतीले कोन येईन?”

“सर, माणसांना आता थांबायला वेळ नसतो.”

“माणसाईले, का तुले?”

मी हसण्यावारी नेले. व्हिडिओ तुफान पाहिला गेला. आमच्या संचालकांनी त्यातून सोयीचा निष्कर्ष काढला: लोकांना उत्तर घरबसल्या मिळते आहे, तर गावफेऱ्या हव्यात कशाला? फेऱ्या बंद झाल्या. मी विरोध केला नाही. सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर माझे नाव होते.

सर मात्र एसटीने एकटेच अकोटकडे जात राहिले. एका दुपारी त्यांचा फोन आला. पूर्वी आमच्या पंगतीला आलेल्या एका घरातल्या सासऱ्यांना डॉक्टरांनी खारे पाणी वर्ज्य सांगितले होते. सून रोज पाणी निम्मे होईपर्यंत उकळत होती, थंड करत होती आणि वरचे निवळ पाणी त्यांना देत होती. मीठ तळाशी बसते, हे तिने पाहिले होते. माझ्या व्हिडिओत. उकळल्याने पाणी आटते आणि मीठ उरलेल्या पाण्यात विरघळलेलेच राहते, असे सरांनी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मोबाईलात तं दाखवलं हाय ना सर.”

“तिचं चुकलं नाही,” सर मला म्हणाले. “तू काढलं तेच तिनं पाह्यलं.”

ऊन कलले होते, ताटली वाळवून दाखवायला वेळ नव्हता. म्हणून सर दोन बाटल्या घरी घेऊन आले: एक साध्या पाण्याची, एक उकळलेल्या. दोन्ही सारख्या मापाने ताटल्यांत वाळवून सोमवारी तिच्यापुढे ठेवायच्या होत्या. मी बैठकीत विषय मांडला. ठरले ते असे, की व्हिडिओखाली दुरुस्तीची एक ओळ टाकावी. त्या सुनेकडे व्हिडिओ बहिणीने पाठवलेला होता. त्याखाली कुठलीही ओळ येणार नव्हती, आणि हे मी सांगितल्यावरही निर्णय बदलला नाही. रविवारी पहाटे सरांचे हृदय थांबले.

श्रद्धांजली सभा ऑनलाइन झाली. सगळ्यांचे माईक बंद, पडद्यावर जोडलेल्या हातांची चित्रे. संस्थेच्या व्हिडिओ वाहिनीला सरांचे नाव देण्याची घोषणा झाली. माझ्या वाट्याच्या दोन मिनिटांत मी त्या पाण्याविषयी बोलू लागले, तर संचालक म्हणाले, “मॅडम, हा प्रसंग त्याचा नाही.” मग त्याचा प्रसंग नेमका कधी येणार होता?

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला सरांच्या घरी गेले. काकूंनी दोन ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. “घासू नको त्या. त्याईचं काम रायलं हाय.”

मी तिथूनच एसटीने त्या गावी गेले. सुनेपुढे ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोणत्या पाण्याची कोणती ते सांगितले. एकीचे कडे पातळ, दुसरीचे जाड. “काहून?” मी विचारले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचे वाक्य गिळले. बाहेर कोणीतरी बादली आपटली. ती दोन्ही कड्यांवरून बोट फिरवत राहिली, मग जाड कड्यावरचे बोट तिने जिभेला लावले...

“म्हणजे मी आबाले रोज जास्त खारं पाजून रायली होती?”

चूक माझी होती, हे मी तिला सांगितले. तिने मला माफ केल्याचे दाखवले नाही. चुलीवरचे पातेले मात्र उतरवून ठेवले.

त्या संध्याकाळी मी व्हिडिओतले ते चाळीस सेकंद काढून टाकले. संस्थेला हे अद्याप सांगितलेले नाही. या लेखातून कळेलच. बहिणीबहिणींनी एकमेकींना पाठवलेल्या प्रती मला पुसता येणार नाहीत, त्यांच्यामागे गावोगाव ताटलीच घेऊन जावे लागेल. पातळ कड्याची ताटली माझ्या टेबलावर आहे. जाड कड्याची तिने ठेवून घेतली. परवा पुन्हा गेले, तेव्हा ताटली भिंतीतल्या खुंटीशी उभी होती, न घासलेली, आणि शेजारची एक बाई त्या ताटलीकडे बघत होती. सून तिला काही सांगत नव्हती. “काहून?” विचारून ती थांबली होती.