न टोचलेला काटा

दव भरपूर पडलं होतं अन् थंडी हाडात शिरत होती. निवृत्त बसकंडक्टर घरापुढच्या हिरवळीवरून जुनं घोंगडं ओढत होता. गळालेले काटेरी सराटे गवतात डोळ्याला दिसत नाहीत, लोकरीला मात्र चिकटतात. मग गुडघे टेकून तो खुरप्यानं सराट्याचे वेल मुळासकट काढायला लागला.

कुंपणालगतच्या मोठ्या झाडाची मुळंही जागोजागी उघडी पडली होती. त्यांच्या मधल्या खळग्यांत तो पालापाचोळ्याचं खत पातळ पसरायचा, पाय अडखळू नये म्हणून.

शेजारी कुंपणावरून म्हणाला, "कुऱ्हाड घाला अन् मोकळे व्हा."

"मुळं तोडली तर झाड तुझ्याच छपरावर येऊन बसेल. बिनतिकीट."

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. तीस वर्षं चपलांच्या दुकानात तिनं लोकांच्या पायांत बूट चढवले, अन् नोकरी सुटल्यावर स्वतः मात्र गवतावर अनवाणी चालायचा हट्ट धरला. साखरेच्या आजारानं पावलं बधिर झालेली. गेल्या वर्षी एका सराट्यापायी डाव्या पायाची दोन बोटं गेली. पुन्हा जखम चिघळली तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून रोज तिचे तळवे तपासायचे. पण गेले चार दिवस तो स्वतःच तापानं अंथरुणात होता.

आज ताप उतरला होता. हिरवळ साफ करून झाल्यावर त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला अन् टाचेत रुतलेला सराटा दिसला. भोवती काळं पडलेलं.

ती पायाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती. "काय आहे?"

"काही नाही."

"अहो, बूट चावत असताना 'छान बसतो' म्हणणारी गिऱ्हाइकं जन्मभर बघितलीत मी."

त्याच्या डोळ्यातलं पाणी तिच्या तळव्यावर पडलं. ते तिला जाणवलं नाही, दिसलं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पाऊल काढावं लागेल. परवाच.

"चला, आता एकच तळवा तपासायचा," ती खाटेवरून म्हणाली. "अर्धं तिकीट."

तो हसला नाही. "मी तापातही उठायला हवं होतं."

"अन् मी चप्पल घालायला हवी होती. झालं? आता जा, माझी दोन लुगडी घेऊन या."

घरी येऊन त्यानं दोरीवरची लुगडी चाचपली. काठ अजून ओलसर होते. ओली नेली तर तिला बाधतील म्हणून त्यानं ती उलटी करून पुन्हा वाळत घातली.