शिरूरच्या देवळीतली समुद्राची वही

एसटी गेवराईला थांबली. सगळे चहाला उतरले, मी बसून राहिलो. याच महामार्गावर काही महिन्यांपूर्वी माझा विद्यार्थी महादेव अपघातात गेला होता.

गोव्यात आम्ही समुद्रतळाचा गाळ अभ्यासतो. त्यात काय जगतं, काय कुजतं, प्राणवायू कितपत उरतो, हे पाहतो. शेवटच्या सफरीत प्राणवायू मोजणारं यंत्र बिघडलेलं होतं, हे महादेव गेल्यावर उघड झालं. आता कोणत्या नमुन्यावर भरवसा ठेवायचा हे फक्त त्याच्या हातच्या वहीवरून ठरणार होतं. ती मिळाली नाही तर त्याचं सगळं काम बाद. वही त्याच्या वडिलांकडे होती आणि माझ्या पत्रांना उत्तर नव्हतं.

पुढे शिरूर कासारपर्यंत काळी-पिवळी (माणशी भाडं घेणारी जीप). वाटेतल्या पुष्कळ घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. चौकात फलक होता: ‘सागरसम्राट महादेव यांना अभिवादन’. त्यावर स्थानिक नेते पूर्णाकृती होते आणि सागरसम्राट पोस्टाच्या तिकिटाएवढे. मी कोण हे कळताच त्याच नेत्यांनी मला थांबवून शाल-श्रीफळ दिलं.

“किती खोल गेलतात, सर?”

“मी जात नाही. पोकळ नळी जाते आणि गाळाची कांडी घेऊन वर येते.”

“अन् तुमी?”

“जहाजावर उलट्या करतो.”

सत्कार लवकर आटोपला.

महादेवचे वडील येसूआबा गावाबाहेर माळावर राहतात. दाराशी वाघर (मेंढ्यांभोवती लावायची जाळी) आणि तिच्यात चाळीसेक मेंढरं. महादेवच्या आईने बाजरीची भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांचं कालवण) वाढले. मी भाकरी नुसतीच कुस्करत राहिलो.

“खावा सायेब. त्याला लई आवडायचे,” आबा म्हणाले. मग उठून त्यांनी देवळीतून (भिंतीतला कोनाडा) वही काढली. तिच्यावर भंडारा होता. “मला वाचता येत न्हाई. काय लिव्हलंय, ते आधी सांगा. मंग द्यायची का न्हाई बघू.”

मी वाचू लागलो. ठिकाण, खोली, तापमान. आबा मान हलवत होते, पण त्यांना अर्थ लागत नव्हता. शेवटचा रकाना वासाचा होता. तो मी गाळत होतो.

“ही लाल रेघ कशाची?”

“मी मारली. हा रकाना खोडला होता.” शेजारी माझाच शेरा होता: ‘नाक हे उपकरण नव्हे.’

“कावून?”

“त्यात प्रत्येक वासापुढे इकडच्या जागा लिहिल्यात. मला कळत नव्हत्या.”

“वाचा.”

“कांडी चार. खालचं डबकं, पोळ्यानंतर.”

आबा ताठ बसले. “त्यो गाळ जिता आसतो. किडे आसत्यात. मेंढरं खुशाल पित्यात.”

“कांडी सात. पाझर तलाव, पाडव्याच्या आधी.”

“काळा. सडक्या अंड्यावानी. मी काठी खुपसून वास घेतो अन् मेंढरं माघारी वळवतो. पोरगा बी माझ्या संगं वास घ्यायचा.”

म्हणजे सातव्या कांडीत प्राणवायू नव्हता. मी पेन काढलं.

“कांडी नऊ. नदीचा डोह, वाळू उपसल्यावर.”

“ती सोडा. उपसल्यावर वरचं खाली जातंय, खालचं वर येतंय. तिथं नाक फसतं.”

नववी कांडी नळीतच ढवळली गेली होती तर. तिच्यावर मी एक व्याख्यान दिलं होतं, टाळ्यांसकट.

बावीस कांड्या झाल्या तेव्हा मेंढरं चरायला सोडायची वेळ झाली होती. आबांनी वही मिटली.

“ही हितंच ऱ्हाईल. तुमी फोटू काढा. आडलं तर इचारा.”

मी पानापानाचा फोटो काढला. लाल रेघेचाही.

गोव्यात परतून महिन्याने पुढची सफर झाली. आमच्या छापील तक्त्यात वासाला जागा नाही. मी पट्टीने एक रकाना आखला. पहिली कांडी उघडली, वाकलो आणि काही ठरवता येईना. किनाऱ्याला लागल्यावर आबांना फोन लावला. समुद्राचा वास फोनवर सांगणं, हे माझ्या पदव्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. बराच वेळ चाचपडलो.

आबांनी ऐकून घेतलं.

“मेंढरं प्याली आसती का?”

मी डोळे मिटून विचार केला. “नाही.”

“मंग तसं लिव्हा,” ते म्हणाले. “अन् पोराचं नाव बी लिव्हा.”