उतारावरचं कुलूप

पुलाखालच्या स्केटिंगच्या उतारावर वस्तीतल्या बायकांनी आपापल्या गावी सुटलेल्या घरांच्या दारांची चित्रं रंगवली आहेत. स्केटबोर्डवरच्या मुली त्या दारांवरून खडखडत खाली येतात. पारूबाईंच्या दाराला कुलूप आहे. चाकांनी त्याचा रंग उडतो, म्हणून दर रविवारी त्या येऊन तेवढं कुलूप पुन्हा रंगवतात.

"तुमचं गाव तर धरणात गेलं ना?" मी न राहवून विचारलं.

"गेलं की," हातातला ब्रश न थांबवता त्या म्हणाल्या. "म्हणून काय घर उघडं टाकायचं?"

शहरात येताना मी गावच्या घराला कुलूप लावलं होतं का, तेच मला आठवेना.

आता उतारावर चाकं खडखडली, की वाटतं, तिकडे माझं दार वाऱ्यानं आपटतंय.