बेलिफ हंबीररावांची सनद

माझे आतोबा हंबीरराव खलाटे देवासच्या अदालतीत बेलिफ होते. निकाल लागला की वारंट घेऊन जायचं, घरात राहणाऱ्याला बाहेर काढायचं आणि जिंकलेल्याला ताबा द्यायचा, एवढं त्यांचं काम. पण माणसं सुखासुखी घराबाहेर निघत नाहीत, म्हणून या कामाला लाठी चालवणारा माणूस लागे. आतोबा अंगाने धिप्पाड होते. आतून कडी लावलेली असली तर खांद्याने दार पाडत. एक बाई उखळाला मिठी मारून बसली, तेव्हा त्यांनी तिला उखळासकट उचलून गल्लीत आणून ठेवली होती. ही गोष्ट ते जेवताना हसत हसत सांगत.

तेव्हा देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण रस्त्याच्या या बाजूला एका महाराजांचा अंमल आणि त्या बाजूला दुसऱ्यांचा. पोलीस वेगळे, अदालत वेगळी. आतोबा थोरल्या पातीचे नोकर. हे सगळं मला माझ्या आत्याने, उमाबाईने सांगितलं. ती सांगताना काही लपवत नसे, स्वतःच्या घरातलंसुद्धा.

१९०९ सालच्या माघात प्रतापराव नावाच्या एका बड्या माणसाने चुलतभावाविरुद्ध घराचा दावा जिंकला. टेकरीच्या पायथ्याच्या गल्लीतलं ते घर पडकं आणि रिकामं होतं. त्याला लागून पश्चिमेला भेरा लोहाराचं घर होतं. ते धडधाकट आणि रस्त्यावर तोंड असलेलं. आतोबा ताबा द्यायला गेले, तेव्हा प्रतापराव गल्लीत उभे राहिले आणि त्यांनी बोट केलं ते भेऱ्याच्या दाराकडे.

भेरा ऐरणीवर कुळवाची पास ठोकत होता. त्याची बायको जमुनाबाई भाता ओढत होती.

"घर खाली कर," आतोबा म्हणाले.

भेऱ्याला आधी काही समजलंच नाही. मग तो म्हणाला, "यो तो म्हारो घर है, भिया. कागद तो बाँचो."

वारंट आतोबांच्या फेट्याच्या घडीत खोचलेलं होतं. त्यांनी ते काढलं नाही. बाहेर निघायच्या वेळी सगळेच असं काहीतरी म्हणतात, हा त्यांचा बारा वर्षांचा अनुभव. त्यांनी भेऱ्याचा दंड धरून त्याला ओढला. भेऱ्याच्या दुसऱ्या हातात तापलेली सांडशी होती, ती त्याने फिरवली. आतोबांच्या कोपराखालची कातडी सोलून निघाली. आतोबांनी लाठी उचलली आणि त्याच्या कानाच्या वर एकच घाव घातला.

भेरा आधी बसला आणि मग कोळशांच्या ढिगावर आडवा झाला. जमुनाबाईने त्याला मांडीवर घेतलं, तर तिलाही तसंच फरफटत बाहेर काढलं. भांडी, भाता, गोधड्या, सगळं गल्लीत आलं. दुपारच्या आत दाराला प्रतापरावांचं कुलूप लागलं आणि प्रतापरावांनी तिथेच आतोबांना नवा फेटा बांधला. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बाजेवर भेरा मेला. मधल्या काळात तो एक शब्दही बोलला नाही.

चौकशी झाली. विश्वासराव नावाचे एक वृद्ध वकील जमुनाबाईकडून उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वारंट वाचलं होतं का?"

"नाही. दाखवणाऱ्याने घर दाखवलं."

प्रतापरावांनी सांगितलं की आपलं बोट पडक्या घराकडेच होतं, बेलिफाचा समज चुकला. आतोबांबद्दल निकाल झाला की सरकारी काम करताना विरोध झाला, त्यांनी नेकनियतीने बळ वापरलं. दोघेही सुटले. भेऱ्याच्या घराचं काय, हा त्या चौकशीचा विषयच नव्हता. कुलूप तसंच राहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर आतोबांनी वारंटाची नक्कल आत्यापुढे टाकली. ते स्वतः मराठी चार इयत्ता शिकलेले होते, पण तो कागद स्वतः वाचायचा त्यांना धीर झाला नसावा. आत्याचे वडील दरबारात कारकून, तिला मोडी आणि बाळबोध दोन्ही चांगलं येई.

"चतुःसीमा वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. "पूर्वेस विहिरीची वाट. दक्षिणेस गल्ली. उत्तरेस परसाची भिंत. पश्चिमेस भेरा लोहार याचे घर."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. त्यांनी तिच्या तोंडात मारली. ओठ फुटून कागदावर रक्त पडलं. मग ते अंगणात जाऊन बसले ते दिवे लागेपर्यंत. आत येऊन म्हणाले, "मला कायदा शिकायचाय. तू वाचून दाखवायचंस."

आत्या म्हणे, त्यांना तेव्हा पश्चात्ताप झाला होता असं मी म्हणणार नाही. आपल्या हातात काय लिहून दिलं होतं ते आपल्याला कळलं नाही, याचा त्यांना राग आला होता. आणि राग आला की ते काहीतरी करून मोकळे होत.

दरबारची वकिलीची सनद परीक्षा देऊन मिळे. तिच्यात मिळकतीच्या कायद्याचा भाग सर्वांत मोठा: खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, वहिवाट, नोंदणी, मुदत. आतोबा पुस्तकं मागायला गेले ते विश्वासरावांकडेच. विश्वासरावांनी दोन पुस्तकं काढून दिली. "पानं दुमडू नका," एवढंच म्हणाले.

सकाळी कामावर जाण्याआधी आत्या भाकरी थापता थापता विचारी आणि आतोबा चुलीसमोर बसून उत्तरं देत.

"मालक कोण आणि कबजेदार कोण?"

"ज्याचं घर तो मालक. जो त्यात राहतो तो कबजेदार."

"मालकाने कबजेदाराला मारून बाहेर काढलं तर?"

"मालक असला तरी चालत नाही. त्याने अदालतीतून यावं."

"आणि अदालतीतूनच आला, पण चुकीच्या दारात शिरला तर?"

"पुढचं विचार," आतोबा म्हणाले.

चैत्रात एका सकाळी ते पुस्तकं परत करायला निघाले होते. दोन पात्यांच्या मधल्या रस्त्याला लागले, तेवढ्यात मागून त्यांच्या गुडघ्याच्या लवणीत फटका बसला. ते तोंडावर पडले. मारणारा भेऱ्याचा धाकटा भाऊ मांगू होता. त्याने आतोबांचा उजवा हात एका दुकानाच्या दगडी पायरीवर ओढला, मनगटावर पाय दिला आणि लोखंड ठोकायच्या हातोड्याने बोटांवर घाव घातले. एक बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला दुकानदार ओरडत धावून आला. मांगू हातोडा घेऊनच चार पावलं चालला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या ओट्यावर उकिडवा बसला. ती धाकटी पाती होती. आमच्या बाजूचे दोन शिपाई धावत आले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. तिकडे पाय टाकायचा तर वरून कागद यायला हवा होता, आणि कागदासाठी आरोपीचं नाव हवं होतं.

"कोणी मारलं?" शिपायाने विचारलं.

आतोबांची बोटं पायरीवर चिकटली होती. मांगू समोर वीस पावलांवर बसून त्यांच्याकडे बघत होता.

"ओळखलं नाही," आतोबा म्हणाले.

जखमांवर शस्त्र चालवणाऱ्या जर्राहाने दोन बोटं कापून टाकली. उरलेली कधी वळली नाहीत. आत्या संतापली होती. "भर उजेडात मारलं तुम्हाला, आणि ओळखलं नाही म्हणता? तो हात तुमच्या एकट्याचा होता का? माझी चूल पेटते त्यावर."

"डावा ठेवलाय त्याने," आतोबा म्हणाले.

लाठी संपली. अदालतीने त्यांना समन्स पोचवायच्या कामावर घातलं. लिहायला डावा हात लावला, तर अक्षरं उलटी पडत. तीन महिने त्यांनी पाटीवर अआइई गिरवलं, पस्तिशीच्या माणसाने. चिडले की पाटी भिंतीवर आपटत. आत्या म्हणे, त्या पावसाळ्यात मी चार पाट्या आणल्या. तिच्यावर मात्र त्यांनी पुन्हा हात टाकला नाही. ती हसून म्हणे, "एक तुटलेला आणि दुसरा पाटीत गुंतलेला."

श्रावणात विश्वासरावांकडून आणलेल्या पुढच्या पुस्तकात मुदतीचा कायदा आला. आत्या वाचत होती: एखाद्याला बेकायदा घरातून काढलं, तर मालकी सिद्ध न करताही, केवळ आपण तिथे राहत होतो एवढ्यावर त्याला ताबा परत मागता येतो, मात्र सहा महिन्यांच्या आत.

आतोबांनी तिला थांबवलं. दोघांनी बोटांवर दिवस मोजले. जमुनाबाईचे आठ दिवस उरले होते.

आतोबा तसेच उठून गेले. जमुनाबाई गल्लीच्या टोकाला कुडाचं खोपट घालून राहत होती, नवऱ्याच्या भात्यावर खुरपी करून विकत होती. त्यांना दारात बघून तिने विस्तवातली सळई उपसली.

"थारो मूंडो नी देखणो म्हारे," ती म्हणाली.

"आठ दिन बाकी हैं, बाई. फिर घर गया," आतोबा म्हणाले. ते मागे सरले नाहीत. तिने सळई त्यांच्या गालावर मारली. कातडी जळल्याचा वास खोपटात भरला. त्यांनी गालावर हात दाबून उरलेलं वाक्य पुरं केलं, कोणता अर्ज, कुठे, किती दिवसांत. आणि मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी आत्या गेली. आतोबांनी सांगितलेला आणि तिच्या हाताने लिहिलेला दाव्याचा कागद तिने बरोबर नेला होता. दोघी बायका समोरासमोर बसल्या. जमुनाबाईने विचारलं, हे तुझा नवरा का करतोय. आत्या म्हणाली, "मला ठाऊक नाही. कागद बरोबर आहे, एवढं मला ठाऊक आहे." जमुनाबाईने अंगठा दिला.

विश्वासरावांनी दावा दाखल केला. साक्षीदार एकच, हंबीरराव. त्याआधी विश्वासरावांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही साक्ष दिलीत तर नोकरी जाईल." आतोबांनी मान हलवली आणि पिंजऱ्यात उभे राहिले. म्हणाले, "घरात भेरा राहत होता. मी त्याला काढला. वारंट दुसऱ्या घराचं होतं, मी वाचलं नव्हतं. मी त्याला मारला." प्रतापरावांच्या वकिलाने एवढंच विचारलं, की गालावरचा डाग कसला. "जुना आहे," ते म्हणाले. डागाची खपली अजून पडायची होती.

नोकरी गेली. पण दावा मिळाला. ताबा परत द्यायला कार्तिकात नवा बेलिफ गेला, तेव्हा आतोबाही बरोबर गेले. दारात प्रतापरावांची पाच माणसं लाठ्या घेऊन उभी होती. धाकट्या पातीतून मांगूही आला होता. त्याच्यावर कागद निघालेलाच नव्हता, त्यामुळे त्याला कोणी अडवलं नाही. आतोबांनी वारंट बेलिफाच्या हातून घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या हद्दीपर्यंत पोचले, तोच पहिली लाठी त्यांच्या खांद्यावर बसली.

आत्या म्हणे, कायदा शिकला म्हणून माणसाचं रक्त थंड होत नाही. त्यांनी कागद दातांत धरला आणि समोरच्या माणसाच्या नाकावर कपाळ हाणलं. तो कोसळला, तर त्याच्या छातीवर गुडघा ठेवून डाव्या मुठीने ते मारतच राहिले. त्याचे दात तुटून दाढीत अडकले, तरी थांबले नाहीत. मांगूने दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. उरलेले पळाले. जमुनाबाईने दगड घेऊन स्वतः कुलूप फोडलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आतोबा आणि मांगू दोघेही रक्ताने माखून उभे होते. मांगू त्यांच्या तुटक्या हाताकडे बघत होता. मग तो थुंकला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. पुढे तो इंदूरला गेला, असं ऐकलं.

दात तुटलेल्या माणसाने फिर्याद केली. या वेळी आतोबा सरकारी कामावर नव्हते, त्यामुळे नेकनियतीची सवलत त्यांना मिळाली नाही. एक महिना कैद झाली. परीक्षा त्याच महिन्यात होती. तुरुंगातून सुटले तेव्हा त्या वर्षीच्या सनदा वाटून झाल्या होत्या, आणि सनदेसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे, तोही आता कोण देणार? विश्वासरावांनी दोन वर्षं खटपट केली आणि शेवटी स्वतःच्या सहीने दाखला दिला. १९११ साली हंबीरराव परीक्षेला बसले. डाव्या हाताने लिहायचं, म्हणून बाकीच्या विषयांचे अर्धेच प्रश्न झाले. पण मिळकतीच्या कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत ते पहिले आले आणि तेवढ्यावर काठावर पास झाले.

अठरा वर्षं त्यांनी वकिली केली. मोठे खटले त्यांच्याकडे आले नाहीत. हद्दी, भिंती, सांडपाण्याच्या वाटा, असली कामं ते करत. अशिलाबरोबर जागेवर जात आणि कागद हातात धरून चारही बाजू पायाखाली घालत. एखादा बेलिफ वारंट न वाचता दारात शिरला तर त्याची गचांडी धरत. त्यावरून दोनदा दंडही झाला.

त्यांनी मिळवून दिलेल्या घरात जमुनाबाई राहत होती. भट्टी पुन्हा पेटली होती. गल्लीतून आतोबा गेले की ती भाता थांबवी आणि ते दिसेनासे होईपर्यंत पाठ फिरवून बसे. वकिलाची गरज पडली तर दुसऱ्याकडे जाई. पण आतोबांनी ती गल्ली टाळली नाही.

१९२९ च्या उन्हाळ्यात ते तापाने गेले. तिरडी उचलून नेली आणि बायका घरात बसल्या होत्या, तेव्हा जमुनाबाई आली. आत्या सांगे, ती ओट्यावर बसली. आत ये म्हटलं तर आली नाही, पाणी दिलं तर घेतलं नाही. घटकाभर रिकाम्या अंगणाकडे बघत होती. मग उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि निघाली. आत्या दारापर्यंत गेली.

"दुःखाला आली होती का खात्री करायला, मी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "तिला जे पाहायचं होतं ते तिने पाहिलं."